नाक माझं, नाव आत्याचं

खरं म्हणजे हे मी सांगायचंच नव्हतं. आत्याने बजावून ठेवलंय, "बाहेर एक अक्षर काढलंस तर याद राख, आणि तुझ्या बापाला तर मुळीच नाही, तो म्हणेल, बरं झालं, सुटली एकदाची त्या वाइनच्या नादातून!" आता मी कोणाला सांगणार? वर्गात हजेरी देताना माझा आवाज पुढच्या बाकापर्यंतसुद्धा पोचत नाही, बाई माझ्याकडे बघत असतात आणि तरी विचारतात, "आज आली नाही का ती?"... अशा मुलीवर, तुम्हाला सांगते, अशा मुलीवर चार मोठ्या माणसांच्या जेवणात बसून गुपचूप वास घेण्याची कामगिरी लादायची, हा काय न्याय झाला? आणि कौतुक कोणाचं? तिचं! नाक माझं, नाव आत्याचं!

थांबा, नाहीतर तुम्हाला वाटेल मी वाइन प्यायले. थेंबसुद्धा नाही! माझ्यापुढे सफरचंदाचा रस असतो, तोही पाणी घातलेला. मी फक्त हुंगते. आमच्या आत्याचं औषधांचं दुकान आहे, दुकानाच्या मागे तिचं घर, आणि शाळा सुटल्यावर आई-बाबा कामावरून येईपर्यंत मी तिथेच असते. आणि महिन्यातून एकदा, संध्याकाळी, अजून उजेड असतानाच, कारण वाइनचा रंग म्हणे दिव्याखाली खोटं बोलतो, तिच्या गोल टेबलाभोवती तिची मंडळी जमतात. मंडळी म्हणजे तिघं. एक जज्जसाहेब. एक दातांच्या डॉक्टरीणबाई. आणि एक घड्याळं दुरुस्त करणारे काका, जे ग्लाससुद्धा चिमट्यात धरल्यासारखा दोन बोटांत धरतात. बारा वर्षं! बारा वर्षांत एकही महिना चुकलेला नाही. दातांच्या बाईंनी एकदा पाय प्लॅस्टरमध्ये असताना हजेरी लावली होती. आमच्या वर्गात बारा दिवस कोणाचं कोणाशी पटत नाही हो!

आणि यांचे नियम ऐका. प्रत्येकाने बाटली आणायची ती लोकरीच्या मोज्यात घालून. पायातल्या मोज्यात, हो! म्हणजे लेबल दिसत नाही आणि नाव बघून कोणी शहाणपणा करत नाही. मग ग्लासात दोन बोटं वाइन, आधी बघायचं, मग हुंगायचं, मग घोट घेऊन तोंडात असा खळखळ फिरवायचा की बाहेरच्याला वाटावं चौघं मिळून चूळ भरतायत... आणि मधोमध एक भांडं ठेवलेलं असतं, ते थुंकायला! दातांच्या बाई त्यात इतक्या नेमक्या थुंकतात की मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा टाळ्याच वाजवणार होते. पण सगळ्यात मोठा नियम म्हणजे, आत्या पहिला शब्द बोलेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. मंडळ तिने सुरू केलं ना, आणि नाक तिचं! बंद दाराआडून सांगायची, "शेजारी गॅस चालू राहिलाय," आणि राहिलेला असायचा.

आणि नेमकं तेच नाक गेलं.

साधा ताप आला होता हो. चार दिवसांत उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. लवंग नाही, साबण नाही, काही नाही. डॉक्टर म्हणाले, "येईल, किंवा येणार नाही. वाट बघा." हे सांगायला डॉक्टर कशाला लागतो? आत्या हसली तिथे, पण घरी येऊन दुकानातल्या सगळ्या बाटल्यांची बुचं एकेक करून काढली, हुंगली, लावली, काढली, हुंगली, लावली... आणि मला म्हणाली, "बयो, त्यांना कळता कामा नये. नाक नसलेल्या बाईचं त्या टेबलावर काय काम? दयेपोटी बोलावतील. तसलं जेवण मला घशाखाली उतरायचं नाही." आत्याचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मी काय बोलणार? मी मान हलवली. माझं सगळं आयुष्य मान हलवण्यात जातंय.

मग युक्ती ठरली. मी आत्याशेजारी वही घेऊन बसायचं. सगळ्यांना सांगितलं, "ही मंडळाच्या नोंदी ठेवणार, अक्षर चांगलं आहे तिचं." जज्जसाहेब लगेच, "वा! या, चिटणीसबाई, या!" आत्या ग्लास माझ्याकडे झुकवणार, "बघ गं, रंग बघ कसा आहे," मी रंग बघता बघता वास घेणार, वहीत लिहिणार, आत्या चष्म्याच्या खालून वाचणार आणि डोळे मिटून सांगणार. सोपं आहे ना? अजिबात नाही! कारण त्यांच्यासारखे शब्द मला कुठे येतात? मला जो वास आला तो मी लिहिला. पहिल्याच ग्लासाला लिहिलं, 'पेन्सिलीला टोक काढल्यावर येतो तो.' मला वाटलं, झालं, आता हसतील. आत्याने डोळे मिटले, श्वास घेतला, जसा काही खरोखरच आत काही जातंय, आणि म्हणाली, "शिसपेन्सिल. नुकतंच टोक काढलेली."

तुम्हाला सांगते, टेबल हादरलं! दातांच्या बाई, "अगं बाई, अगदी, अगदी पेन्सिल!" घड्याळवाले काका, "मी हेच म्हणणार होतो!" जज्जसाहेब, "बाई, तुमचं नाक हल्ली भलतंच भरात आलंय!" आणि मी? मी वहीत खाली मान घालून तारीख लिहीत होते. नाक माझं, नाव आत्याचं!

असे तीन महिने गेले. 'नवीन चपलेचा डबा.' 'पाट्या पुसायचं फडकं.' 'न पिकलेला पेरू, पण सालीसकट.' आत्या एकेक असं सांगायची की मलाच वाटायचं, वास तिलाच आला असणार. काय अभिनय हो! पण मंडळी गेल्यावर भांडी आवरताना ती रिकामा ग्लास नाकाशी धरून उभी राहायची, पाठमोरी. मी ते बघितलंय हे तिला माहीत नाही. आता तुम्हाला माहीत झालं, तुम्हीही बोलू नका.

चौथ्या महिन्यात जज्जसाहेब निवृत्त झाले. आणि त्या संध्याकाळी ते मोज्यातली बाटली तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून आले. कोणालाही मोज्याला हात लावू देईनात. "सोळा वर्षं," म्हणाले, "सोळा वर्षं आडवी ठेवलीये, आजच्या दिवसासाठी. आणखी काही सांगत नाही, नियम म्हणजे नियम." बूचसुद्धा त्यांनी स्वतःच काढलं. दातांच्या बाईंनी भांडं बाजूला सरकवलं, आज कोणी थुंकणार नव्हतं. ग्लास भरले. आत्याने माझ्याकडे ग्लास झुकवला, "बघ गं, रंग बघ."

मी हुंगलं. परत हुंगलं... तुमच्या घरी कधी पाण्याचा नळ रात्रभर गळलाय आणि खाली तुमचा विज्ञानाचा प्रकल्प ठेवलेला होता, असं झालंय? माझ्या बाबतीत झालंय. धरणाची प्रतिकृती, सगळी पुठ्ठ्याची. तोच वास! अगदी तोच, ओला, कोंदट, बुरसटलेला! मला माहीत होतं हो, आत्यानेच शिकवलं होतं, बुचात दोष असला की आतली वाइन अशी बिघडते, बाहेरून बाटली छान दिसते, रंगही छान असतो. आता मी काय लिहू? समोर जज्जसाहेब बसलेत, डोळ्यांत पाणी, सोळा वर्षं! 'गुलाब' लिहावं? कोणाला कळणार आहे? आत्या 'गुलाब' म्हणणार, मग सगळेच गुलाब गुलाब करणार... माझं पेन कागदावर टेकलं आणि तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला. पण मला खोटं लिहिता येत नाही, अक्षर वाकडं होतं. मी लिहिलं, 'ओला पुठ्ठा.' अगदी बारीक.

आत्याने वाचलं. चष्मा काढून पुसला, परत वाचलं. ती जज्जसाहेबांकडे बघत राहिली, आणि मला दिसत होतं, 'अप्रतिम' एवढा एकच शब्द, तो म्हटला की सुटलो सगळे. घड्याळवाल्या काकांनी तर 'वा'साठी तोंडाचा आकार करूनच ठेवला होता! आणि आत्या म्हणाली, "साहेब, ही बिघडलीये. बुचाचा दोष."

जज्जसाहेब हळूच म्हणाले, "कशावरून?"

"वासावरून. ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय."

"मला नाही येत. बाई, तुमचं नाक आज थकलंय का?"

बघा, सुटायला वाट होती! 'हो, थकलंय' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मी टेबलाखालून आत्याच्या साडीचं टोक ओढलं. पण तिने ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली, "थकलं नाही, गेलंय. चार महिने मला कसलाही वास येत नाही. तीन महिने मी या पोरीच्या वहीतलं वाचून दाखवतेय. तेवढ्यावर गंमत चालली होती, पण तुमच्या सोळा वर्षांचा निकाल मी दुसऱ्याच्या नाकाने देऊन गप्प बसणार नाही. साक्षीदार ही आहे. विचारा तिला."

मला! मला विचारा! मी खुर्चीत इतकी घसरले की हनुवटी टेबलाला लागली. आणि जज्जसाहेब, कालपर्यंत कोर्टात बसत होते ना, त्यांची सवय कुठे जाते? "चिटणीसबाई, उभ्या राहा. ओल्या पुठ्ठ्याचा वास तुम्हाला कसा ठाऊक?"

"प्रकल्प... भिजला."

"मोठ्याने. कसला प्रकल्प?"

"धरणाचा."

"धरण पुठ्ठ्याचं केलं होतं?"

"हो."

"मग ते भिजणारच! आरोपी बाटलीला त्यात गुंतवू नका. खात्री आहे तुमची?"

आणि तुम्हाला सांगते, कुठून आवाज आला कोण जाणे, शेजारच्या खोलीतही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी म्हणाले, "हो, खात्री आहे! तुम्ही परत वास घ्या, आणि आत्या काय म्हणते त्याची वाट बघू नका!"

बाप रे. मी बसले.

दातांच्या बाईंनी ग्लासात नाक घातलं, बराच वेळ. मग वर बघून म्हणाल्या, "अगं बाई. पुठ्ठा." जज्जसाहेबांनी घातलं. काढलं. आणि कपाळावर हात मारला. तेवढ्यात घड्याळवाले काका घसा खाकरून म्हणाले, "आता सगळं निघतंच आहे तर सांगून टाकतो. मला बारा वर्षांत द्राक्षाखेरीज कसलाच वास आलेला नाही." बारा वर्षं! त्या 'वा'मध्ये काहीच नव्हतं! जज्जसाहेब हसले हो, आधी नुसते खांदे हलले, मग आवाजही सुटला, डोळे पुसत हसले, दातांच्या बाई तर भांड्याला टेकून हसल्या. "मग येत का राहिलात?" "तुम्ही सगळे बोलता ते ऐकायला!"

फक्त आत्या हसत नव्हती. ती उठून आपला ग्लास आवरायला लागली होती. "मी सूप आणते," म्हणाली, "यापुढे मी तेच करत जाईन. तुमच्यासाठी रांधीन, तुम्ही सांगत जा."

"बसा," जज्जसाहेब म्हणाले. "नाक गेलं, जीभ आहे ना? या दातांच्या बाईंची बाटली उघडलीये. घोट घ्या आणि सांगा."

आत्या बसली. घोट घेतला. किती वेळ काही बोललीच नाही, आणि नियमाप्रमाणे आम्हीही नाही. मग म्हणाली, "आधी जिभेच्या कडांना आंबट. मग मधे काहीच नाही, नुसतं गार. आणि मग... वरच्या हिरड्या आवळतात, डावीकडे जरा जास्त." सगळ्यांनी घोट घेतले आणि सगळ्यांचे हात वरच्या ओठाकडे गेले! दातांच्या बाई चिडल्या, "हिरड्या माझा विषय, आणि बारा वर्षांत माझ्या लक्षात आलं नाही!" जज्जसाहेबांनी चमचा ग्लासावर वाजवला, "निकाल. आजपासून नाक एक, जीभ एक, दोघी मिळून एक सभासद. दोघींना खुर्ची." आणि आपला बिघडलेला ग्लास उचलून चक्क प्यायले! "सोळा वर्षं जपलीये," म्हणाले, "पुठ्ठा तर पुठ्ठा."

अशी माणसं पाहिलीयत कुठे? माझ्यावर त्यांचा पगडा बसलाय म्हणून नाही सांगत, पण मोठं होऊन असंच वेडं व्हायचं असेल तर माझी हरकत नाही. आता माझ्या खुर्चीवर उशीसुद्धा असते, आणि वहीत पहिल्या पानावर जज्जसाहेबांनी माझ्या कामाचं नाव लिहून दिलंय, 'नाक'. कटकट केवढी वाढली! महिनाभर जो येतो तो काहीतरी हुंगायला देतो. आणि आत्या? वास परत यावा म्हणून ती रोज चार शिश्या हुंगत बसते, लिंबू, लवंग, निलगिरी, गुलाब. मी विचारते, "आला?" ती म्हणते, "नाही. उद्या." रोज. मी म्हणते, "नाही आला तर मी आहेच," आणि खरं सांगू, ते म्हणायला मला जरा जास्तच आवडायला लागलंय, म्हणजे तिचं नाक परत यावं असं मला वाटतंच, पण...

"अगं एऽऽ! दूध ठेवून कुठे उलथलीस? करपतंय बघ, इथे दुकानापर्यंत येतोय वास!"

आले! आले गं! बघा, तुमच्याशी बोलत दारात बसले आणि माझ्या या नाकाला पत्ताच... थांबा. काय म्हणाली ती? मधलं दार बंद आहे, ती तिकडे दुकानात, आणि तिला वास... अहो, तिच्या लक्षातच आलेलं नाही अजून! चार शिश्या ठेवून पहिला आला तो माझ्या करपलेल्या दुधाचा! आता आधी ओरडा खाऊ की आधी तिला सांगू? आणि झालं, म्हणजे परत नाक तिचं, नाव तिचं, आणि माझी ती उशीची खुर्ची तर आता... आले गं आत्या, आले, पातेलं उतरवते आणि तुला एक गंमत सांगते...