रायगोंडाचं बोट

जयनगरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आम्ही सगळे औषधाचे थेंब घालून, डोळे मिटून बसलो होतो. टेपवर बहात्तर सालचं एक गाजलेलं गाणं लागलं. शेजारच्या बाई सोबत गुणगुणू लागल्या, तसं पलीकडच्या गृहस्थांनी विचारलं,

"अक्का, तुम्ही निपाणीच्या काय?"

"अगंबाई! डोळे मिटून कसं ओळखलं, अण्णा?"

"कडव्याचा शेवटचा शब्द तुम्ही परत परत म्हटला. गाण्यात तो एकदाच आहे."

"सून पण हेच सांगते, की आई, तुम्ही चुकता. पण माझ्या लग्नात असंच वाजलेलं हो!"

"तुमच्याच काय, आमच्याकडं सगळ्यांच्याच लग्नात. रायगोंडा स्पीकरवाल्याच्या रेकॉर्डला चरा पडलेला. पिन प्रत्येक कडव्याच्या शेवटी अडकायची."

"मग तो धावत यायचा आणि बोटानं पिन पुढं ढकलायचा!"

"तोवर अख्खा मांडव तोच शब्द म्हणत बसायचा. नवरदेवसुद्धा."

"आमचे हे शेवटपर्यंत तसंच म्हणायचे. ते गेल्यावर वाटलं, असं म्हणणारी आता जगात मी एकटीच."

"मला पण तसंच वाटायचं की, अक्का. आज कानावर विश्वास बसेना."

"थांबा, दुसरं कडवं संपत आलं. इथं पण अडकायचं."

"म्हणा."

दोघांनी त्या कडव्याचा शेवटचा शब्द एका सुरात म्हटला. मग पुन्हा म्हटला. पुन्हा म्हटला.

"अण्णा, गाणं पुढं गेलं की."

"जाऊ दे, अक्का. रायगोंडा अजून आला नाही."