बंदुकीचा वाटा

लिहून घ्या. मी विश्राम. बाप सुतार, आजा सुतार, मीपण सुतार. गाव आमचं कणकवलीच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी, आणि आमच्या घरात नांगरासारखीच ठासणीची बंदूकपण दुरुस्तीला यायची, लाकडी दस्ता फुटला की बापाकडे घेऊन यायचे. रानडुकरं भातात घुसली की गाव रान काढायला निघायचा, कायद्यात बसत नव्हतं, तेव्हाही नव्हतं, पण भात कोण राखणार? हाकारे एका बाजूने ओरडत डुक्कर उठवणार, बंदूकवाला दबा धरून बसणार. मग वाटे पडायचे. ते नीट ऐका, म्हणजे पुढचं कळेल. माणशी एक वाटा, कुत्र्याला एक, आणि बंदुकीचा एक वेगळा. पण बंदुकीने कुणी माणूस दुखावला ना, तर तिथून पुढे बंदुकीचा वाटा त्या माणसाच्या घरी जायचा, आणि माणूस मेला तर त्याची बायको असेपर्यंत तिला.

तो वाटा आमच्या घरात येतो. वहिनीच्या नावाने.

काय सांगू तुम्हाला, एका बंदुकीची माशी मला जाड वाटली. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा दाणा, त्याच्यावरून नेम धरतात. मी विशीतला दीडशहाणा, कानस घेतली आणि छान बारीक, बुटकी करून दिली. माशी बुटकी झाली की नेम धरताना नळी वर उचलावी लागते आणि गोळी वरून जाते, हे मला कुठे ठाऊक? डुक्कर उतारावर आलं, बार झाला, डुकराच्या पाठीवरून गोळी गेली ती समोरच्या झाडीतून माझा थोरला भाऊ हाकारा घालत येत होता त्याच्या गळ्यात. मी धावलो, हाताने दाबून धरलं, बोटांमधून रक्त येतच होतं, माझ्याकडे बघता बघता गेला. आई एवढंच बोलली, तुझ्या हातान झाला रे, आता हात धुवन काय उपयोग. त्यानंतर तिने माझ्या हातचं पाणी घेतलं नाय.

म्हणून आलो इथे कुवेतला. जलीबला, कामगारांच्या वस्तीत, खोलीत आठ जण, आणि काम बू सालेम म्हणून कुवेती मालक, त्याच्या सुतारखान्यात. बू सालेमचं घर सलव्याला, उंट बाहेर वाळवंटात. उंटांवर माणूस होता भंवर, राजस्थानचा, साधा, देवमाणूस. मी उंटांच्या कँपवर कुंपणं दुरुस्त करायला जायचो तर चुलीवर बाजरीची भाकरी थापून द्यायचा, सुतारभाई, गरम है, खा लो.

बू सालेम वाईट होता असं मी म्हणणार नाय. मला ताप भरला तर स्वतः गाडीत घालून दवाखान्यात नेलं त्याने. पण राग आला की तो माणूस तो राहत नसे. डोक्यावरची काळी दोरी काढून भंवरला मारायचा, एकदा कान फुटला तरी मारत होता.

त्याच्या बापाची एक रायफल होती. लष्कराने जुनी झाली म्हणून काढून टाकलेली, टोकापर्यंत लाकूड, जड धूड. मला म्हणाला, शिकारीसारखी हलकी कर. मी पुढचं दीड वीत लाकूड कापलं, दस्ता तासला, माशी डावीउजवीकडे ठोकून सरळ केली. चाळीस पावलांवर डबा उडाला तर बू सालेम पोरासारखा हसला. कापलेला तुकडा अक्रोडाचा होता, असं लाकूड टाकवत नाय हो, माझ्या पेटीत ठेवला.

मग त्याची लाडकी सांडणी, म्हणजे उंटीण, भंवरच्या हातून सुटून रस्त्यावर गेली, ट्रकखाली मेली. बू सालेम सुतारखान्यात आला, रायफल माझ्यापुढे टाकून म्हणाला, पुसून ठेव, उद्या भंवरला समोर उभा करतो. मी पाय धरले. त्याने लाथ मारली. आता सांगा, मी कुणाकडे जाणार? पोलिसांकडे गेलो असतो तर तो म्हणाला असता, मस्करी केली, आणि भंवर होता तिथेच राहिला असता. मी कानस काढली. पहिल्यांदा नकळत घासली होती, या वेळी कळून घासली. छातीवर धरली तर डोक्यावरून जाईल, एवढी. आमच्यात जनावराच्या छातीवरच धरतात, वाळूवर गोळी कोण फुकट घालवतो?

सकाळी भंवरला उभा केला, चाळीस पावलांवर. तो हात जोडून रडत होता. मी गाडीमागे रवळनाथाला गाऱ्हाणं घालत होतो. बार झाला आणि भंवर खाली बसला, असाच बसला, आणि मग ओरडायला लागला. गुडघा राहिलाच नव्हता. पांढरं हाड, चिंध्या, आणि वाळू रक्त पिऊन काळी. बू सालेमने रायफल फेकली, डोक्याचं फडकं सोडून मांडी आवळली. गाडीत पाय मी धरला होता, वरचा वेगळा हलत होता, खालचा वेगळा. आणि बू सालेम गाडी चालवत रडत एकच बोलत होता, मी वाळूवर धरली होती विश्राम, पायापुढच्या वाळूवर, वल्ला, देवाशपथ, फक्त भीती घालायची होती.

कळलं तुम्हाला? माशी घासली नसती तर गोळी वाळूत गेली असती.

पोलीस आले. बू सालेमने सगळं स्वतःवर घेतलं, तुरुंगात जाऊन आला, उंट विकून टाकले. रायफल जप्त झाली. माशी कुणी बघितली नाय, सुताराला कुणी विचारलं नाय, आणि मी गप्प बसलो.

भंवरचा पाय मांडीपासून काढला. तो गावी जायच्या आधी मी त्याला कुबडी करून दिली, आणि काखेत येतो तो तुकडा अक्रोडाचा लावला, पेटीतला. इथे कुठे वाटे पडतात? बंदुकीचा वाटा म्हणून माझ्यापाशी तेवढाच होता. चार पावलं चालून म्हणाला, सुतारभाई, बिलकुल चुभता नहीं, कौनसी लकडी है? मी म्हटलं, पुरानी है.

अजून फोन येतो त्याचा. लकडी अच्छी चल रही है म्हणतो. दर वेळी सांगायला तोंड उघडतो आणि तब्येत विचारून फोन ठेवतो. तुम्ही हे लिहून झालं की हिंदीत करा आणि त्याला वाचून दाखवा, नंबर मी देतो. नंतर त्याने ती कुबडी चुलीत घातली तरी चालेल. मी त्याला दुसरी करून पाठवीन, साध्या सागाची.