हत्तीचं नाणं

नाण्यांच्या प्रदर्शनात पैसे द्यायला रांगेत उभा होतो. माझ्यापुढे एक आजोबा आणि त्यांची मुलगी.

“बाबा, हे हत्तीचं नाणं तुम्ही गेल्या वर्षीच घेतलंत.”

“काहीतरीच! चाळीस वर्षं शोधतोय मी हे.”

“घरी आणून मला भिंगातून दाखवलंत की!”

“मग कुठंय ते?”

“तेच तर कळत नाहीये. अख्खं कपाट पालथं घातलं मी.”

“तू पैसे दे गं आधी. मागचा माणूस टपलाय.”

“नऊ हजार म्हणजे काय थोडेथोडके आहेत, बाबा?”

तेवढ्यात नाणी विकणारा म्हणाला, “आजोबा, तुम्ही त्या खुर्चीत बसून निवांत बघा नाणं. हं, ताई, आता इकडे या. घाबरू नका. ते दरवर्षी हेच घेतात.”

“दरवर्षी?”

“आठवड्याभराने तुमच्या आई गुपचूप परत आणून देतात. मी पैसे परत करतो.”

“आई उन्हाळ्यात गेली हो.”

“अरेरे... गेल्या वेळी निघताना मला बजावून गेल्या होत्या, पुढच्या वर्षीही हे दुसऱ्या कुणाला विकू नका म्हणून.”

“...नऊ हजारच ना?”