दादा आणि बालवर्गातली नेता

...आणि मी आधीच सांगितलं होतं त्याला, दादा, बाबा रे, तू येऊ नकोस, चार-पाच वर्षांची पोरं आहेत ती, तुझे कामगार नव्हेत. पण आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मनावरच घेतलेलं, नेता म्हणजे काय हे मुलांना खऱ्याखुऱ्या साहेबाकडून कळलं पाहिजे, आणि बालवर्गाच्या बाईचा सख्खा भाऊ कारखान्याचा मोठा साहेब असल्यावर सुटका कुठली हो? तुम्हाला सांगते, दादा म्हणजे साधासुधा माणूस नाही. तो नुसता खाकरला तरी मशीनवरची माणसं ताठ उभी राहतात.

तर आला. कोट घालून आला. बसायला बुटकी खुर्ची, गुडघे पार कानाशी, आणि सुरू... "मुलांनो, नेता म्हणजे ज्याचं सगळे ऐकतात."

पुढेच चिमणी बसलेली. चिमणी म्हणजे आमच्या वर्गातली सगळ्यात लहानखुरी पोर, आमच्या वर्गात दर आठवड्याला एकेक पोर पाळीपाळीनं नेता होतं, आणि त्या आठवड्याची नेता तीच होती. म्हणाली, "आणि नाही ऐकलं तर?"

"ऐकतातच."

"पण का?"

आता 'पण का'ला काय सांगणार माणूस? दादाला घाम फुटला. म्हटलं, पाणी तरी आणावं. मी बाहेर पडते न पडते तोच वाऱ्यानं दार धाडकन लागलं, दादानं आतून उघडायला दाराची मूठ ओढली, आणि मूठ आली हातात. अख्खी!

मी बाहेर, पोरं आणि दादा आत, मध्ये दाराची काच, आणि बाहेरूनही दार उघडेना. शिपाईमामा पाना शोधायला धावले. तेवढ्यात आत कुणीतरी म्हणालं, "आता आपण इथेच राहणार." झालं... एकानं भोकाड पसरलं, मग सगळ्यांनीच. दादा गरजला, "शांत! रांगेत उभे राहा!" रडणं दुप्पट. आणि मला दिसत होतं, त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला. बंद खोलीत जीव घुसमटतो त्याचा, लहानपणापासून, घरच्यांशिवाय कुणाला ठाऊक नाही. दादा म्हणजे साधासुधा माणूस नाही, पण काचेवर थापा मारत म्हणत होता, "अगं, उघड ना..."

आणि चिमणी उठली. भिंतीपाशी गेली, मांडी घालून बसली आणि शेजारची फरशी थोपटली. "इथे बसा." बस्स, एवढंच. एक बसला, दुसरी बसली... मग तिनं दादाचा कोट ओढला. "काका, तुम्ही पण."

बसला हो. कोटासकट, फरशीवर. कुणाचं तरी नाक त्याच्या बाहीला पुसलं जात होतं आणि वर्गात चिडीचूप. इतकी वर्षं घसा फोडतेय मी, असा वर्ग कधी बसला नाही माझ्यापुढे.

दार उघडलं तरी दादा उठेना. तिला विचारतो, "तुला भीती नाही वाटली?"

"वाटली ना. म्हणून तर बसले. पण एकटीला कसंतरी होत होतं, म्हणून म्हटलं, सगळेच बसा."

दादा तिच्याकडे बघतच राहिला, देवळात बघतात तसा. मग हळूच म्हणाला, "पुढच्या आठवड्यात मला होता येईल का गं नेता?"

तिनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही नवीन आहात ना. तुमचा नंबर सगळ्यात शेवटी."

"बरं," म्हणाला.

दादा म्हणजे साधासुधा माणूस नाही हो... दर सोमवारी सकाळी फोन करतो, "कुठवर आला गं माझा नंबर?" काय सांगू त्याला? अजून अर्धा वर्ग व्हायचाय.