कोवळ्या पेशी

—आता परत नका सांगू मॅडम, ऐकलं मी, कमी झाल्यात, पांढऱ्या पेशी कमी झाल्यात, तो कागद ठेवा पिशवीत — कागदाकडं बघून काय ती उठणार हाय? बसा ह्या दगडावर, तिकडं नको, तिकडं डुकरांना आणलेलं बोईसरच्या कँटीनचं उष्टं सांडलंय, पाय घसरंल. लाली नाव हाय तिचं. सुनेनं ठेवलं, बायडीनं, आमच्या पाड्यात डुकरिणीला कुणी नाव ठेवलंय काय कधी? कान बघा, कसे जांभळे पडलेत. नऊ पिल्लं हायत, चोखतात नि सोडतात, चोखतात नि सोडतात, दूधच नाय तर करतील काय! व्याली तवा आतमधी काय तरी राहिलं, ते सडलं, तिथनं जंतू रक्तात चढले — असंच म्हणालात ना? मला कळतं हां सगळं. तीस वर्षं काढलीत जनावरांच्या दवाखान्यात. डॉक्टर नव्हतो, खोटं कशाला बोलू — झाडायचं, पाणी भरायचं, जनावर धरायचं. पण पाड्यावर कोण इचारतो तू कोण होतास ते? मनोरपासून वरपर्यंत कुणाचीबी शेळी फुगली की बोलवा झिपरूकाकाला.

इंजेक्शन कुणी दिलं, इंजेक्शन कुणी दिलं — मघापासून तेच धरून बसलात तुमी. तो एक येतो ना मोटारसायकलवर, मितेश का कोण, पाठीला पिशवी, त्यानं दिलं असंल. टोचायचं नि पळायचं, त्या लोकांचा काय भरवसा! हां, लाल बुचाची, छोटी बाटली. कानामागं, रोज सकाळी एक, असं चार दिवस — काय झालं? असं काय बघताय? अहो, सून म्हणाली मला. मी घरी नव्हतो. चार दिवस? चार दिवस नव्हतो म्हंजे... म्हातारा माणूस चार दिवस जाणार कुठं, बरोबर हाय तुमचं. मितेशला कशाला मधी ओढू. त्याला पण पोरंबाळं हायत. मी दिलं मॅडम. ह्या हातानं.

पण ऐकून तर घ्या! दवाखान्यातले पहिले डॉक्टरसाहेब दोन बाटल्या काढायचे, कुठलंबी तापाचं जनावर येऊ दे — एक मोठी, एक ही लाल बुचाची. मी धरायचो, ते टोचायचे. मोठीनं दोन-दोन दिवस काय फरक दिसत नसायचा. आणि छोटी? अहो, संध्याकाळपर्यंत जनावर उभं, ताप गायब, चाऱ्याला तोंड! मला वाचता येत नाय, मी बुचाचा रंग बघतो. तीस वर्षं डोळ्यानं बघितलं — मग तुमीच सांगा, माणूस औषध कुठल्या बाटलीला म्हणंल? मोठी आपली शोभेला देतात, असंच धरून चाललो मी. माझ्याकडं मोठी नव्हतीच, छोटी होती, म्हटलं खरी तर हाय ना आपल्याकडं. आणि उठली की ही! दोन डबे खाल्ले! पाडा गोळा झाला बघायला. बायडी पाया पडली माझ्या, ना सण ना काय, अशीच चिखलात वाकली. मला लय बरं वाटलं. लय. आता खोटं काय सांगू.

तुमी पयलं रक्त नेलंत तवा पण मी छाती काढून उभा. पेशी उदंड, तुमीच म्हणालात. मग म्हणता, झिपरूकाका, उदंड हायत पण रक्तातच फिरतात, पू हाय तिथं जातच नायत, त्या लाल बुचाच्या औषधानं अडवल्यात. तवा कळलं नाय. मग घरी येता येता कळलं — मनोरच्या बाजारात माणसं किती, पण भाताच्या लावणीला हाक मारा, एक तरी येतो काय? जंतू खायचं काम त्यांचं, नि मी त्यांना बाजारातच फिरवत ठेवलं चार दिवस. ताप गेला म्हंजे दुखणं गेलं, असं वाटलं मला. दुखणं आत मजेत वाढत होतं, नि ही परत आडवी पडली.

आणि आज तर तुमी तिचं रक्त दुर्बिणीतच दाखवलंत. नसतं दाखवलं तर चाललं असतं. मोठ्या, तयार पेशीच्या आतली जांभळी गाठ तुटक-तुटक असते, नि ह्या सगळ्या घोड्याच्या नालेसारख्या, नुसत्या वाकड्या. तयार नाय झाल्या अजून, म्हणालात, हाडातला साठा संपला की शरीर कोवळ्याच धाडतं. माझ्या डोळ्यासमोर वीटभट्टी आली, मॅडम. आमी पण तेच करतो ना! मोठ्यांचे हात पुरत नायत, मग पोरांना नेतो. माझी नात, मोनाली, पाचवीत हाय — दर साली दिवाळी झाली की शाळेतनं काढायची नि भट्टीवर न्यायची, मातीचे गोळे करायला. अंकुश, माझा पोरगा, पुढं भट्टीवर गेलाय. पण बायडी औंदा म्हणाली, मी नाय जात. लाली हाय, पिल्लं हायत, ह्यांच्यावर पोट भरीन, पोरीला शाळेत ठेवीन. लाली गेली तर पिल्लं दोन दिवस पण काढायची नायत. भट्टीचा शेवटचा टेम्पो आज दुपारचा. सकाळी तुमी ती जंतू मारायची मोठी बाटली दिलीत, दिलीत — पण टोचून झाल्यावर मान हलवलीत, मी बघितलं. चार दिवस आधी दिली असती तर? नका सांगू. नका.

बायडीला अजून बोललो नाय मी. कसं बोलू? तुमी सांगाल काय? तुमी शिकलेल्या, तुमी जरा नीट — गप, गप, आली ती.

ये गं. हां, ह्या डॉक्टरमॅडम, बघून झालं त्यांचं. तू कुठं होतीस इतका वेळ? ...भट्टीच्या मुकादमाकडं? यादीतनं नाव काढून आलीस? तुझं पण नि मोनालीचं पण? मग टेम्पो? ...गेला. बरं. मला इचारायचं तरी होतंस. — नाय, तसं काय नाय, बरंच केलंस. त्यांच्याकडं काय बघतेस, हिकडं बघ, माझ्याकडं. उठंल ती. मी सांगतो ना, उठंल. मागच्या टायमाला नव्हती उठली? जा, पोरीला वाढ जा.

मॅडम, तुमी निघा आता.