पाडायची भिंत

पाडण्यासाठी भिंत बांधायची, हे आमच्या मुरुडच्या मिस्त्रींना शेवटपर्यंत पटलं नाही बघा. लातूरला कॉलेजात असताना माझा प्रोजेक्ट होता. विटांच्या दोन भिंती. एक नुसती, दुसरीच्या आत सळया आणि चारी बाजूंनी काँक्रीटची चौकट. दोन्हींना बाजूनं जॅकनं रेटायचं आणि कोणती किती सोसते ते बघायचं. दुष्काळाचं साल होतं. होस्टेलात आंघोळ तीन दिवसाआड, पण भिंतींवर रोज टँकरचं पाणी.

रेटल्या, तर दोन्ही जवळपास सारख्याच टिकल्या. सर म्हणाले, "म्हणजे सळया घालून उपयोग नाही?" मी ती नुसती भिंत फोडून बघितली. आत सळया.

मिस्त्रींना विचारलं. म्हणाले, "चार लोकांदेखत माझ्या हातची भिंत पडली, तर मला मुरुडात काम कोन देईल?"

"अहो, ती पडायलाच बांधायची होती."

"मग दुसरा मानूस बघा. मला तसलं येत न्हाई."

शेवटी ती भिंत आम्ही पोरांनीच बांधली. जॅक लावायच्या आधीच पडली.

मिस्त्री शांतपणे म्हणाले, "याला शिकलेलाच मानूस लागतो."