मधला माणूस काढा

...आणि म्हणे अर्ध्या तासाचं काम! अर्धा तास! अहो, अर्ध्या तासात त्या जीपच्या चाकाचे नट हलत नाहीत, घरजावई होऊन बसलेत ते, आणि हा मिस्त्री मला फोनवर सांगतोय, "साहेब, ब्रेकच्या पाइपात हवा शिरलीये, हवा तेवढी काढायची, घरीच करा!" घरीच करा! उद्या डॉक्टर म्हणेल, अपेंडिक्स ना? सुरी आहे का घरात? पण त्याला तरी काय बोलणार, त्याचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये. मग दुसरा मिस्त्री का नाही बघितलात म्हणता? बघितला की! नवीन गॅरेजातला तो पोऱ्या जीपभोवती दोन फेऱ्या मारून मला विचारतो, "काका, हिला कॉम्प्युटर कुठे लावायचा?" पंचेचाळीस वर्षांची जीप! तिला हँडल मारून चालू करायचे दिवस मी पाहिलेत. पण काही म्हणा, देव त्या ब्रेकचं भलं करो! का ते सांगतो, जरा दम घेऊ द्या.

थांबायला मी तयार होतो हो, मिस्त्रीचा हात बरा होईपर्यंत. पण आमची आई! वय वर्षं ऐंशी. तिची मोठी बहीण, म्हणजे आमची मावशी, राहते वर डोंगरावर. ती पडली न्हाणीघरात, खुब्याचं हाड मोडलं. निरोप आला गुरुवारी आणि आईनं लगेच जाहीर केलं, "रविवारी मला वर न्यायचं." म्हटलं, आई, पुढच्या रविवारी जाऊ. "ती सत्त्याऐंशीची, मी ऐंशीची, पुढचा रविवार कुणी बघितलाय?" आता ही बाई अकरा वर्षांत एकदाही वर गेली नव्हती, विचारलं की म्हणायची रस्ता वाईट आहे, आणि आता एकदम रविवार! बरं, रस्ता खरंच वाईट. साधी गाडी पहिल्याच वळणावर पोट टेकून बसते, जायची ती फक्त आमची जीप, चारी चाकं जोडून. आणि वर जाईल हो ती कशीही, पण खाली यायचंय ना? बावीस वळणांचा उतार, एका बाजूला दरी, आणि ब्रेकवर पाय ठेवला की पेडल थेट जमिनीला! उशीवर पाय ठेवतोय की काय असं वाटायचं.

मिस्त्रीनं सांगितलं होतं, "दोन माणसं लागतात. एक पेडलवर, एक चाकाखाली. वरच्यानं चार वेळा दाबायचं, मग दाबून धरायचं. खालच्यानं चाकामागचा बारका नट ढिला करायचा, तेल आणि हवा बाहेर आली की घट्ट करायचा, आणि मग वरच्यानं सोडायचं. दाब, धर, सोड. बस्स!"

दोन माणसं. बायकोला म्हटलं, चल गं. तर म्हणे, "माझी कंबर धरलीये." जिन्यावर वहिनी भेटल्या, त्यांना म्हटलं, वहिनी, तुम्ही तरी... तर त्या म्हणतात, "अहो भावजी, माझी पण!" एकाच सकाळी, एकाच घरात, दोन कंबरा! मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण मी पडलो भोळा सांब.

राहिला कोण? दादा.

आता दादाचं सांगायला हवं. दादा माझा सख्खा मोठा भाऊ. तो वर राहतो, मी खाली राहतो, जिना एक, पाण्याची टाकी एक, आई एक, आणि सहा वर्षं अबोला! कशावरून? सांगायला लाज वाटते. रंगावरून! बाबा गेले, जीप शेडमध्ये उभी होती, बाबांची हिरवी जीप, रंगाचे पोपडे निघालेले. दादा दोन महिने बाहेरगावी होता, मी म्हटलं आपण हिला जरा नीट करू, म्हणून निळा रंग मारला. स्वतः मारला, ब्रशनं. दादा आला, बॅग खाली ठेवली, जीप बघितली आणि म्हणाला, "बाबांच्या गाडीला हात लावताना मला विचारलंस?" मी म्हटलं, "गंज चढताना तुला विचारून चढला का?" झालं! तेव्हापासून आमच्यात टाकी भरली की सांगायला आई, लाइटचं बिल द्यायला आई. बायका बोलतात, मुलं बोलतात, आम्ही दोघं जिन्यात समोरासमोर आलो की एक जण चपलेत खडा शोधतो. सहा वर्षं खडा शोधला हो! पन्नाशी उलटलेली दोन माणसं!

तर आई गेली वर. मला खाली सगळं ऐकू येत होतं. "तुला बोलायला कोण सांगतंय? पाय आहे ना? मग तो घेऊन खाली ये. तोंड वर ठेवून आलास तरी चालेल." आणि दादा आला! माझ्याकडे न बघता सरळ जीपमध्ये चढला आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसला, तिथे काय सिनेमा लागला होता देव जाणे. मी मागच्या डाव्या चाकापाशी पाठ टेकून आडवा. आणि मध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, आई.

मी खालून म्हणतो, "आई, त्याला सांग, दाब." आई म्हणते, "तो म्हणतोय दाब." दादा वरून, "आई, त्याला सांग, दाबलं." आई मला, "म्हणतोय दाबलं. आणि तुझा शर्ट मळतोय." हे शर्टाचं दादा नाही बोलला, ही आईची भर! "आई, त्याला सांग, धर." "धर रे. पाय दुखतोय का?" "आई, त्याला सांग, नाही दुखत." "नाही दुखत म्हणतोय, पण चेहऱ्यावरनं दुखतोय." अहो, इथे मी नट उघडून बसलोय, तेल माझ्या कोपरापर्यंत आलंय, आणि मागे यांची पायाची चौकशी! मी नट आवळायला घेतला, आई म्हणाली, "झालं वाटतं. सोड रे." अगं, झालं नाही! म्हटलं, "आई, थांब म्हणावं!" "थांब म्हणतोय." "आई, त्याला सांग, मी सोडलं पण." तास झाला, एक बाटली तेल संपलं, चाक एक, आणि नटाला लावलेल्या नळीतून बुडबुडे जे येतायत, जे येतायत... संपायचं नावच नाही!

शेवटी मिस्त्रीला फोन लावला, स्पीकरवर, कारण माझे दोन्ही हात तेलात. म्हटलं, "मिस्त्री, ही हवा संपतच नाही!" तो म्हणाला, "सोड कोण म्हणतंय?" म्हटलं, "मी म्हणतो. म्हणजे आईला म्हणतो. आई त्याला म्हणते." मग तो हळूच म्हणाला, "साहेब, तुमचा नट घट्ट व्हायच्या आत पेडल सुटतंय. बाहेर काढलेली हवा परत आत ओढली जातेय. असं वर्षभर केलंत तरी ब्रेक लागणार नाही. मधला माणूस काढा."

स्पीकरवर! आईसमोर! मला वाटलं आता ही त्या मिस्त्रीचा दुसरा हात प्लॅस्टरमध्ये घालते. पण आई उठली, खुर्ची उचलली, आणि म्हणाली, "ऐकलंत? सहा वर्षं मी हेच सांगतेय, पण मला प्लॅस्टर नाही ना, मग माझं कोण ऐकतो!" आणि आत गेली. आतून कडी लावल्याचा आवाज आला. आत दोन कंबरधरल्या बायका खिडकीला नाक लावून उभ्या! कंबरा ताठ!

मग काय? मी खाली, तो वर. मला वाटलं तो उतरून जाणार. गेला तर रविवार गेला, मावशी गेली, आईला काय तोंड दाखवू? घसा खाकरला, आणि टायरकडे बघून म्हटलं, "दाब."

काही नाही. मोजून पाच सेकंद. आणि मग वरून आवाज आला, "दाबलं."

तुम्हाला सांगतो, सहा वर्षांनी! माझ्या हातातला पाना सुटून कपाळावर पडला, ही बघा खूण! पण बोललो लगेच, "धर." "धरलं." नट ढिला, बुडबुडे, नट घट्ट. "सोड." "सोडलं." दुसरं चाक झालं, तिसरं झालं, काय लय लागली म्हणून सांगू! दाब, दाबलं, धर, धरलं, लहानपणी आम्ही दोघं बाबांच्या हाताखाली हेच करायचो हो, तेव्हा दादा खाली असायचा आणि पेडलवर मी, उभा राहून, कारण बसलो तर पाय पोचायचा नाही. देव त्या ब्रेकचं भलं करो!

आणि चौथ्या चाकाला मी माती खाल्ली. तेलाची बाटली ठेवली होती मडगार्डवर, उठताना कोपर लागलं आणि आडवी! ते ब्रेकचं तेल रंग खातं, हे मला ठाऊक होतं, तरी घाबरून फडक्यानं रगडलं, तर फडक्याबरोबर निळा रंग आला ना वर! सगळा! आणि खाली... हिरवं. बाबांचं हिरवं, पोपड्यांसकट, जसंच्या तसं. दादा पेडल सोडून खाली उतरला, माझ्या शेजारी उभा राहिला. म्हटलं, आता सहाची बारा वर्षं होणार.

तो म्हणाला, "खरडला नव्हतास?"

म्हटलं, "नाही. वरूनच मारला. खरडायला हात झाला नाही."

दादा त्या हिरव्या ठिगळावर अंगठा फिरवत उभा राहिला बराच वेळ. मग म्हणाला, "गाढवा, म्हणूनच पोपडे दिसतायत. रंगाच्या आधी घासायचं असतं, बाबांनी शिकवलं नव्हतं?" आणि हसायला लागला. मी पण हसायला लागलो. आणि हसता हसता त्याचा आवाज गेला, माझा पण गेला, आणि डोळे पुसायला तेच तेलकट फडकं! चरचरले काय डोळे! मला रडायचं होतंच हो, खोटं कशाला सांगू, पण एवढंही नव्हतं रडायचं. आतून कडी निघाली, वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या, बायको मागोमाग. धावत! म्हटलं, कंबर? तर दोघी म्हणतात, "सुटली!"

रविवारी निघालो. आई मागे, दादा शेजारी, मडगार्डावर हिरवं ठिगळ. बाविसाव्या वळणाच्या आधी एक छोटासा उतार लागतो, तिथे समोरून दगडांनी भरलेला ट्रॅक्टर, रस्ता एका गाडीचा, बाजूला दरी. मी ब्रेकवर उभाच राहिलो, आणि दादा शेजारी बसून ओरडतोय, "धर! धर! धर!" आणि जीप थांबली, ट्रॅक्टरपासून हातभर लांब. धरलं होतं! मिस्त्रीच्या प्लॅस्टरला मी तिथूनच हात जोडले.

पोचलो. मावशी कॉटवर, पाय उशीवर, वाळून एवढीशी झालेली. आई आत गेली, खुर्ची ओढली, बसली. मला भरून आलं. म्हटलं, आता गळ्यात पडतील दोघी. आणि आई माझ्याकडे वळून म्हणते, "तिला विचार, पाय कसा आहे."

मला वाटलं मावशीला ऐकू येत नसेल. तर मावशी दादाकडे बघून, ठणठणीत आवाजात, "तिला सांग, बरा आहे."

अकरा वर्षं! रस्ता वाईट म्हणे! दादानं विचारलं, "आई, कशावरून?" "तिलाच विचार." "मावशी, कशावरून?" "तिला सांग, तिला चांगलं ठाऊक आहे." मी दादाकडे बघितलं, दादानं माझ्याकडे बघितलं, आणि एक अक्षर न बोलता आम्ही दोघं उठलो, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. बाहेरून कडी! मधली माणसं काढली!

बसलो जीपच्या बॉनेटवर. दादा कान देऊन. अर्धा तास काही नाही. पाऊण तास, काही नाही. आणि मग आतून जो आवाज फुटला! दोन्ही एकदम! "तू काय म्हणाली होतीस!" "मी म्हणाले होते? मी?" सत्त्याऐंशी आणि ऐंशी, कडाकडा भांडतायत! दादानं माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणाला, "निघाली रे हवा!" मला त्या क्षणी सगळ्यांचे पाय धरावेसे वाटले, मिस्त्रीचे, दोन्ही कंबरांचे, त्या हवा शिरलेल्या पाइपाचे. देव त्या ब्रेकचं भलं करो!

संध्याकाळी कडी काढली तर आई मावशीची वेणी घालत होती. भांडण चालूच, पण वेणी पण चालू. जीपमध्ये बसताना आई म्हणते, "पुढच्या रविवारी परत यायचंय." म्हटलं, का गं? पुढचा रविवार कुणी बघितलाय म्हणालीस ना? "बघायला लागेल. अर्धंच भांडण झालंय."

म्हणजे आला का दर रविवारी डोंगर! बरं, यावं म्हटलं, ब्रेक धरतोय, दादा बोलतोय... बोलतोय म्हणजे काय, सहा वर्षांचं साठलेलं बोलतोय, बावीसच्या बावीस वळणं बोलला! आणि शेवटच्या वळणावर गिअर बदलायला पाय दाबतो तर काय... पेडल थेट जमिनीला! दादा म्हणाला, "क्लच." मागून आई म्हणाली, "म्हणजे परत दोन माणसं लागणार. दोघींना सांगा, कंबर धरायचीये."